कोणी करायचं? कॉलिंग कन्व्हेन्शनच्या प्रकरणाच्या प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी

आजपासून आमच्या कंपायलरच्या (आमच्या भाषेतला प्रोग्रॅम प्रोसेसरच्या सूचनांत उतरवणाऱ्या साधनाच्या) मॅन्युअलमधलं सातवं प्रकरण हाती घेतलं. विषय कॉलिंग कन्व्हेन्शन. म्हणजे एका फंक्शनने दुसऱ्याला कॉल करताना आर्ग्युमेंट (त्याला द्यायची मूल्यं) कुठे ठेवायची, उत्तर कुठून उचलायचं, कुठल्या रजिस्टरला (प्रोसेसरमधल्या मूल्य ठेवायच्या कप्प्याला) हात लावायचा नाही आणि स्टॅक (कॉलसाठी वापरायची मेमरीतली चळत) कुठल्या अवस्थेत सोडायचा, याचा करार. कंपायलर तीन ठिकाणी चालतो: लिनक्सवर एक्स८६-६४, विंडोजवर तोच प्रोसेसर, आणि लिनक्सवर आर्म६४. तिन्ही ठिकाणचे करार वेगळे आहेत, आणि मॅन्युअलमध्ये ते एकाच प्रकरणात एकमेकांत मिसळलेले आहेत.

हे काम निघालं ते एका वापरकर्त्याच्या तक्रारीवरून. त्यांनी असेंब्लीत, म्हणजे प्रोसेसरच्या सूचना एकेक करून, हाताने एक छोटं रूटीन लिहिलं आणि त्यातून आमच्या भाषेतलं फंक्शन कॉल केलं. फंक्शनला एकच आर्ग्युमेंट, आठ बिटांचा बिनचिन्ह पूर्णांक. आत २५६ नोंदींचा एक तक्ता, त्यातली त्या क्रमांकाची नोंद काढायची, एवढंच काम. ऑप्टिमायझेशन (कंपायलरने कोड वेगवान करणं) बंद असताना सुरळीत चालतं, चालू केलं की सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे भलतीच मेमरी वाचायला जाऊन प्रोग्रॅम कोसळतो. त्यांनी शेवटी लिहिलं होतं, “मॅन्युअल तीनदा वाचलं. माझं कुठे चुकलं ते मला दिसत नाही.”

मीही वाचलं. मलाही दिसलं नाही.

४ फेब्रुवारी

डीबगरमध्ये (प्रोग्रॅम मध्येच थांबवून बघायच्या साधनात) फंक्शनच्या पहिल्याच सूचनेवर थांबले. ईडीआय रजिस्टरमध्ये, म्हणजे पहिलं आर्ग्युमेंट येतं त्या आरडीआयच्या खालच्या ३२ बिटांत, ७७३. पाठवायचा होता ५.

७७३ म्हणजे तीनदा २५६ आणि वर ५. खालच्या आठ बिटांत ५ बरोबर बसलेला आहे. त्याच्या वरच्या बाइटमध्ये आधीच्या कुठल्यातरी हिशेबातला ३ तसाच राहून गेलाय. वापरकर्त्याने मूल्य डीआयएलमध्ये, म्हणजे आरडीआयच्या सगळ्यात खालच्या बाइटमध्ये लिहिलं होतं. एक्स८६-६४ वर आठ किंवा सोळा बिटांचं लेखन रजिस्टरचा बाकीचा भाग जसाच्या तसा ठेवतं. ३२ बिटांचं लेखन मात्र वरचे ३२ बिट शून्य करतं. त्यांनी ईडीआयमध्ये लिहिलं असतं तर हा बग कधी उघडकीलाच आला नसता.

पुढचं दोन ओळींत समजलं. आर्ग्युमेंट आठ बिटांचं, तक्ता २५६ नोंदींचा, म्हणजे क्रमांक तक्त्याबाहेर जाऊच शकत नाही. म्हणून ऑप्टिमायझरने मर्यादेची तपासणी काढून टाकली. आणि वरचे बिट कॉलरने आधीच शून्य केले असणार असं धरून सगळा ईडीआय थेट क्रमांक म्हणून वापरला. ७७३वी नोंद वाचायला गेला आणि कोसळला. ऑप्टिमायझेशन बंद असताना आर्ग्युमेंटचा फक्त एक बाइट स्टॅकवर ठेवला जातो आणि तिथून परत वाचताना वाढवला जातो (वरचे बिट शून्याने भरून रुंद केला जातो), त्यामुळे कचरा आपोआप गळून पडत होता.

मॅन्युअलमधलं वाक्य असं आहे: “आठ आणि सोळा बिटांची आर्ग्युमेंट ३२ बिटांपर्यंत वाढवली जातात.”

वापरकर्त्याने अर्थ लावला, कॉल झालेलं फंक्शन वाढवून घेतं. आमच्या कंपायलरने अर्थ लावला, कॉल करणारा वाढवून देतो. वाक्य दोघांनाही मोकळं ठेवतं. “वाढवली जातात” यात कर्ताच नाही.

६ फेब्रुवारी

सगळं प्रकरण छापून घेतलं आणि पेन्सिल घेऊन बसले. ज्या नियमात काम कोणाचं हे सांगितलेलं नाही त्याच्या समासात एक फुली. निम्म्याहून जास्त नियमांपुढे फुली आली. “रजिस्टर जपली जातात.” “स्टॅक अलाइन केलेला असतो.” “जागा राखून ठेवली जाते.” सगळी कर्मणी वाक्यं. एका बाजूचं वर्णन म्हणून ती खरी आहेत, पण करारात दोन पक्ष असतात आणि हे वर्णन कुठल्या पक्षाचं आहे ते ती सांगत नाहीत.

एक पद्धत ठरवली. इंग्रजी मजकुराला हात लावण्याआधी प्रत्येक नियम मराठीत लिहायचा, आणि तो “ने” आणि “यचं” वापरूनच लिहायचा. कॉलरने वाढवायचं. कॉलीने जपायचं. “वाढवायचं” एवढंच लिहिलं की पुढे “कोणी?” हा प्रश्न उभा राहतोच, त्याला उत्तर दिल्याशिवाय वाक्य पुरं वाटत नाही. इंग्रजीत कर्ता गाळूनही वाक्य गुळगुळीत होतं, आणि तिथेच नजर घसरते.

कॉलर म्हणजे कॉल करणारं फंक्शन, कॉली म्हणजे ज्याला कॉल गेला ते. हे दोन शब्द प्रकरणाच्या पहिल्या परिच्छेदात सांगून टाकले, पुढे तेच वापरायचे. जुन्या मजकुरात कॉलीला कुठे “फंक्शन”, कुठे “रूटीन”, कुठे “लक्ष्य” म्हटलंय. कॉलरही फंक्शनच असतो, त्यामुळे नुसतं “फंक्शन” म्हटल्याने काहीच कळत नाही.

१० फेब्रुवारी

वाढवण्याचा नियम आता लिहायचा कसा? मला वाटलं होतं, मूळ करार उघडायचा आणि उतरवून घ्यायचं. पण लिनक्सवर आपण जो करार पाळतो, सिस्टिम व्हीचा एएमडी६४ (एक्स८६-६४ चंच दुसरं नाव) साठीचा, तो नेमका इथे मोघम आहे. बूलियनबद्दल तो स्पष्ट बोलतो: शून्याव्या बिटात खरं-खोटं, एक ते सात बिट शून्य. त्यापलीकडच्या बिटांची हमी नाही. लहान पूर्णांकांबद्दल अशी हमी दिलेली नाही.

मग प्रत्यक्षात काय चालतं? जीसीसी आणि क्लँग हे दोन प्रचलित सी कंपायलर बघितले. जीसीसी कॉलर असताना वाढवून देतो, पण कॉली असताना दुसऱ्याने वाढवलं असेल यावर विसंबत नाही. क्लँग कॉलर म्हणून वाढवून देतो आणि कॉली म्हणून त्यावर विसंबतोही. दोन्ही कंपायलर एकमेकांत मिसळून चालतात, कारण देणारे दोघेही काळजी घेतात. फटका बसतो तो मधल्या तिसऱ्याला, म्हणजे हाताने असेंब्ली लिहिणाऱ्याला किंवा आमच्यासारख्या नव्या कंपायलरला.

बाकीच्या ठिकाणी हा प्रश्न करारानेच सोडवलेला दिसतो, आणि उत्तरं एकमेकांच्या उलट आहेत. आर्म६४ च्या मूळ करारात वरचे बिट अनिश्चित, कॉलीने स्वतः वाढवून घ्यायचं. अ‍ॅपलने त्याच प्रोसेसरवर उलटं केलं: कॉलरने ३२ बिटांपर्यंत वाढवून द्यायचं. विंडोजवर कॉलीने वरच्या बिटांकडे बघायचं नाही. रिस्क-व्ही या आणखी एका प्रोसेसरच्या करारात तर सगळ्यात काटेकोर लिहिलंय: प्रकाराच्या चिन्हाप्रमाणे ३२ बिटांपर्यंत, आणि तिथून पुढे रजिस्टरच्या पूर्ण रुंदीपर्यंत चिन्हासकट. असं एक वाक्य असलं की चर्चेला जागाच उरत नाही.

बॅकएंड, म्हणजे कंपायलरचा सूचना तयार करणारा भाग, बघणाऱ्या सहकाऱ्याशी दुपारी बोलणं झालं. मी म्हटलं, “कॉलरने वाढवायचं असं लिहून टाकते. कंपायलर तसाच वागतोय, कोड बदलायला नको.”

तो म्हणाला, “मग त्या माणसाचं प्रोग्रॅम चुकलं असं तू ठरवतेस. आणि त्यांनी वाचलं ते वाक्य आपलं होतं.”

त्याचं म्हणणं पटलं. ठरलं ते असं: लिनक्स एक्स८६-६४ वर कॉलरने ३२ बिटांपर्यंत वाढवून द्यायचं, कॉलीने मात्र ते झालंय असं गृहीत धरायचं नाही, स्वतः वाढवून घ्यायचं. याची किंमत म्हणजे लहान आर्ग्युमेंट वापरताना एक जादा सूचना. तेवढी सोसण्याजोगी आहे. बदल कोडमध्येही जाणार.

१२ फेब्रुवारी

नियम लिहिला म्हणून त्याची टेस्ट लिहायला घेतली, आणि टेस्टने आमचाच बग दाखवला.

टेस्ट अशी: कॉली क्लँगने कम्पाइल केलेला, कॉलर आमचा. कॉलर आधी मुद्दाम रजिस्टरं कचऱ्याने भरतो आणि मग आठ बिटांचं मूल्य पाठवतो. थेट कॉल पास. फंक्शन पॉइंटरमधून, म्हणजे फंक्शनचा साठवलेला पत्ता वापरून, केलेला कॉल फेल.

आमचा फ्रंटएंड (कंपायलरचा मूळ कोड वाचणारा भाग) एलएलव्हीएमवर, म्हणजे सूचना तयार करणाऱ्या एका तयार चौकटीवर, बसलेला आहे. आर्ग्युमेंट वाढवायचं की नाही हे एलएलव्हीएम स्वतःहून ठरवत नाही. फ्रंटएंडने झीरोएक्स्ट (शून्याने वाढव) किंवा साइनएक्स्ट (चिन्हाप्रमाणे वाढव) हे विशेषण लावलं तरच वाढवतो. आम्ही ते फंक्शनच्या घोषणेवर लावत होतो, कॉलच्या जागेवर लावत नव्हतो. थेट कॉलमध्ये एलएलव्हीएमला घोषणा दिसते, म्हणून निभावून जात होतं. पॉइंटरमधून कॉल गेला की समोर घोषणा नाही, विशेषण नाही, वाढवणंही नाही.

म्हणजे “वाढवली जातात” हे वाक्य कॉलरच्या बाजूनेही अर्धवटच खरं होतं. आणि इतकी वर्षं कोणाला खुपलं नाही, कारण ते खोटं ठरवायला कोणी बसलंच नाही. वाक्यात कोणावर काही ठेवलेलंच नव्हतं. दुरुस्ती चार ओळींची. टेस्ट कायमची राहणार.

१७ फेब्रुवारी

स्टॅक अलाइनमेंट, म्हणजे स्टॅक पॉइंटर (स्टॅकच्या टोकाचा पत्ता) ठरलेल्या आकड्याच्या पटीत ठेवणं. जुनं वाक्य: “फंक्शनच्या सुरुवातीला स्टॅक १६ बाइटवर अलाइन केलेला असतो.”

इथे कर्ता तर नाहीच, पण “कधी” हेही चुकलंय. एक्स८६-६४ वर कॉलची सूचना आठ बाइटचा परतीचा पत्ता स्टॅकवर ढकलते. त्यामुळे कॉलच्या अगदी आधी स्टॅक पॉइंटर १६ च्या पटीत असेल, तर कॉलीच्या पहिल्या सूचनेवर तो आठने सरकलेला असतो. हेक्समध्ये (१६ च्या पायावरच्या अंकांत) बघितलं तर शेवटचा अंक कॉलआधी ०, आत शिरताच ८. कॉलीने आरबीपी हे रजिस्टर स्टॅकवर ढकललं की परत ०. वापरकर्ता आमचं वाक्य प्रामाणिकपणे पाळायला गेला तर तो कॉलच्या आधी आठ बाइट जास्तीचे सरकवेल आणि सगळं बिघडवून बसेल.

बिघडलेलं लगेच दिसत नाही, हा यातला खरा त्रास. पूर्णांकांचा हिशेब तिरक्या स्टॅकवरही चालतो. मग खोल कुठेतरी एखाद्या लायब्ररीत कंपायलरने मूव्हॅप्स ही सूचना वापरलेली असते. तिला १६ च्या पटीतलाच पत्ता लागतो, आणि तिथे प्रोग्रॅम पडतो. पडलेली जागा आणि चुकलेली जागा यांच्यात दहा फंक्शनं असू शकतात.

नवा नियम: “कॉलची सूचना चालण्याच्या क्षणी स्टॅक पॉइंटर १६ च्या पटीत असेल हे कॉलरने बघायचं. कॉलीच्या पहिल्या सूचनेवर तो १६ च्या पटीपेक्षा ८ ने कमी असतो, कॉलीने हे गृहीत धरायचं.” आणि खाली त्या तीन क्षणांचे तीन अंक: ०, ८, ०. चित्र काढायचा मोह झाला होता, पण तीन अंकांनी जास्त कळतं.

आर्म६४ वर परतीचा पत्ता एक्स३० रजिस्टरमध्ये जातो, कॉल स्टॅकला हात लावत नाही. तिथे आधीचा आणि आतला आकडा एकच. जुनं वाक्य लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा आर्म होता. तिथे ते वाक्य बरोबर आहे! म्हणूनच आता तिन्ही ठिकाणांचे नियम वेगवेगळ्या विभागांत, एकही वाक्य सामाईक ठेवायचं नाही. पुनरुक्ती झाली तरी चालेल.

२० फेब्रुवारी

स्ट्रक्चर, म्हणजे अनेक मूल्यं एकत्र बांधलेला प्रकार. या आठवड्यातला सगळ्यात जास्त वेळ इथे गेला.

मॅन्युअल म्हणतं, “१६ बाइटपेक्षा मोठी स्ट्रक्चर मेमरीतून जातात.” “मेमरीतून” हा शब्द तीन वेगवेगळ्या गोष्टी झाकतो. एकच उदाहरण घेऊन ते तिन्हीकडे कम्पाइल केलं: तीन डबल (आठ बाइटच्या दशांश संख्या) असलेला बिंदू, २४ बाइट.

लिनक्स एक्स८६-६४ वर कॉलर ते २४ बाइट स्टॅकवर आर्ग्युमेंटच्या जागी उतरवतो. पॉइंटर कुठेच नाही. कॉली थेट स्टॅकवरून वाचतो.

विंडोजवर कॉलर एक प्रत काढतो आणि तिचा पत्ता रजिस्टरमध्ये देतो. इथे मर्यादा १६ बाइटची नाहीच. १, २, ४ किंवा ८ बाइटचं स्ट्रक्चर रजिस्टरमधून, बाकी सगळं पत्त्याने. तीन बाइटचं स्ट्रक्चरही पत्त्याने जातं. आमचं वाक्य विंडोजपुरतं सरळ खोटं होतं.

आर्म६४ वर हाच बिंदू मेमरीत जातच नाही. चारपर्यंत एकाच प्रकारचे फ्लोट किंवा डबल असलेलं स्ट्रक्चर फ्लोटिंग रजिस्टरांतून जातं. आमचे तीन डबल डी०, डी१, डी२ मध्ये बसले. हेच तीन ६४ बिटांचे पूर्णांक केले तर मात्र प्रत आणि तिचा पत्ता.

१६ बाइटच्या आतलंही तपासलं. एक इंट (पूर्णांक) आणि एक डबल, मिळून १६ बाइट. लिनक्स एक्स८६-६४ स्ट्रक्चरचे आठ-आठ बाइटचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्याचा वर्ग वेगळा ठरवतो. इंट गेला आरडीआयमध्ये, डबल गेला एक्सएमएम० मध्ये. एक स्ट्रक्चर, दोन जातींच्या रजिस्टरांत. आर्म६४ ने दोन्ही तुकडे एक्स० आणि एक्स१ मध्ये टाकले. विंडोजने पत्ता दिला. मॅन्युअलमध्ये याबद्दल एक शब्द नव्हता.

२१ फेब्रुवारी

परतीची स्ट्रक्चर राहिली होती. ती मोठी असतील तर उत्तर ठेवायची जागा कॉलरने द्यायची, तिचा पत्ता लपलेलं आर्ग्युमेंट म्हणून. लिनक्स एक्स८६-६४ वर हा पत्ता आरडीआयमध्ये जातो, त्यामुळे वापरकर्त्याला पहिलं वाटणारं आर्ग्युमेंट आरएसआयमध्ये सरकतं. विंडोजवर आरसीएक्स आणि मग आरडीएक्स. या दोन्हीकडे कॉलीने तोच पत्ता परतताना आरएएक्समध्ये द्यायचा. आर्म६४ ने या पत्त्यासाठी एक्स८ वेगळा ठेवलाय, म्हणून बाकीची आर्ग्युमेंट जागची हलत नाहीत; पण परतताना एक्स८ जसाच्या तसा असेल अशी आशा कॉलरने धरायची नाही.

जुन्या मजकुरात “पत्ता परत केला जातो” एवढंच होतं. कुठल्या रजिस्टरमध्ये, कुठल्या ठिकाणी, कोणी, यातलं काहीच नाही.

२४ फेब्रुवारी

व्हेरिएडिक फंक्शन, म्हणजे प्रिंटएफसारखी, ज्यांना कितीही आर्ग्युमेंट चालतात.

लिनक्स एक्स८६-६४ वर कॉलरने एएलमध्ये (आरएएक्सच्या सगळ्यात खालच्या बाइटमध्ये) एक आकडा ठेवायचा: आर्ग्युमेंटसाठी किती वेक्टर रजिस्टर (डबल ज्यांतून जातात ती एक्सएमएम) वापरली. आमचं मॅन्युअल म्हणतं “संख्या ठेवली जाते.” करार म्हणतो वरची मर्यादा, ० ते ८. दोन वापरली आणि आठ लिहिलं तर चालतं. दोन वापरली आणि शून्य लिहिलं तर चालत नाही. हा फरक असेंब्ली लिहिणाऱ्यासाठी मोठा आहे, कारण नेमकी संख्या मोजत बसण्याची त्याला गरज नसते.

आणि एएल भरायलाच विसरलं तर? जुन्या जीसीसीने तयार केलेला कोड त्या आकड्यावरून उडी मारायचा पत्ता काढत असे, त्यामुळे एएलमध्ये कचरा असेल तर प्रोग्रॅम भलतीकडेच जाऊन पडायचा. नंतरच्या आवृत्त्या फक्त शून्य आहे की नाही एवढं बघतात. म्हणजे आज चूक केली तर बहुतेकदा काहीच होत नाही, आणि जुन्या लायब्ररीशी गाठ पडली की होतं. म्हणून उदाहरणात एएल शून्य करणारी सूचना ठळक ठेवली, जिथे एकही डबल नाही तिथेसुद्धा.

विंडोजवर एएल नाही. तिथे पहिल्या चार जागांत व्हेरिएडिक डबल आला तर कॉलरने तो एक्सएमएममध्ये आणि त्याच जागेच्या पूर्णांक रजिस्टरमध्ये, दोन्हीकडे ठेवायचा. आणि “जागा” हा शब्द तिथे शब्दशः घ्यायचा असतो: पहिलं आर्ग्युमेंट इंट आणि दुसरं डबल असेल तर डबल एक्सएमएम१ मध्ये जातो, एक्सएमएम० रिकामाच राहतो. लिनक्सवर तोच डबल एक्सएमएम० मध्ये. जुन्या तक्त्यात दोन्ही रांगा शेजारी छापल्या होत्या आणि हा फरक कुठेच दिसत नव्हता. तक्ता काढला, त्याजागी चार उदाहरणं.

२७ फेब्रुवारी

जपायची रजिस्टरं. इथे फक्त वाक्य नाही, रूढ नावच दिशाभूल करतं. “कॉलर-सेव्ह्ड” म्हटलं की वाटतं कॉलरने ती प्रत्येक वेळी जपायलाच हवीत. तसं नाही. कॉली ती मोडू शकतो, एवढाच अर्थ. कॉलरला त्यातलं मूल्य पुढे हवं असेल तरच त्याने जपायचं. बहुतेक वेळा नको असतं.

मराठी मसुद्यात मी त्यांना “मोडती” आणि “टिकती” रजिस्टरं म्हटलं. मोडती रजिस्टरं कॉलनंतर टिकतील असं कॉलरने धरायचं नाही. टिकती रजिस्टरं वापरायची असतील तर कॉलीने आधी जपायची आणि परतण्याआधी जशी होती तशी ठेवायची. इंग्रजीतही याच अर्थाचे दोन शब्द घेतले, जुनी नावं फक्त सूचीत ठेवली, म्हणजे शोधणाऱ्याला सापडतील.

टेस्टसाठी एक लहान असेंब्ली तुकडा लिहिला. तो प्रत्येक टिकत्या रजिस्टरमध्ये वेगळा आकडा भरतो, मोडत्या सगळ्यांत एकच ओळखू येणारा कचरा भरतो, कॉल करतो, आणि परतल्यावर टिकती एकेक करून ताडून बघतो. लिनक्सवर आरबीएक्स, आरबीपी आणि आर१२ ते आर१५; सगळी पास. विंडोजवर त्यांच्यात आरडीआय आणि आरएसआयची भर पडते, आणि एक्सएमएम६ ते एक्सएमएम१५ सुद्धा टिकती. मॅन्युअलमध्ये “सर्व वेक्टर रजिस्टर मोडू शकतात” असं होतं. लिनक्स एक्स८६-६४ पुरतं खरं. विंडोजवर या वाक्यावर विश्वास ठेवून असेंब्ली लिहिणाऱ्याने दुसऱ्याचा दशांशाचा हिशेब गुपचूप बिघडवला असता, आणि कुठेही काही पडलं नसतं. अशा चुकीची मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

आर्म६४ वर आणखी एक बारकावा: व्ही८ ते व्ही१५ यांचे फक्त खालचे ६४ बिट टिकतात. कॉलरला पूर्ण १२८ बिट हवे असतील तर ते त्यानेच जपायचे.

३ मार्च

रेड झोन. लिनक्स एक्स८६-६४ वर स्टॅक पॉइंटरच्या खालचे १२८ बाइट कॉलीला स्टॅक पॉइंटर न हलवता वापरता येतात. सिग्नल हँडलरने (मध्येच आलेला सिग्नल हाताळणाऱ्या फंक्शनने) त्यांना हात लावायचा नाही. विंडोजवर असं काही नाही. कर्नलचा (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा) कोड लिहिणाऱ्याने हा झोन बंद करून कम्पाइल करायचं, कारण इंटरप्ट (हार्डवेअरकडून मध्येच आलेला व्यत्यय) आला की प्रोसेसर त्याच स्टॅकवर लिहितो, त्याला करार माहीत नसतो. हा विभाग आधीपासून बऱ्यापैकी नीट होता. विंडोजच्या ३२ बाइट शॅडो स्पेसशी मात्र गल्लत केलेली होती. ती जागा परतीच्या पत्त्याच्या वर असते. ती कॉलरने राखायची, आर्ग्युमेंट एकही नसलं तरी, आणि कॉलीने हवी तशी वापरायची.

५ मार्च

एका रिव्ह्यूअरने विचारलं, स्टँडर्डकॉल आणि सीडेक्ल या ३२ बिटांवरच्या दोन करारांचा विभाग ठेवायचा का? आम्ही ३२ बिटांचा कोड तयार करत नाही, आणि ६४ बिटांवर हे भेद उरत नाहीत. विभाग काढला. पण एक परिच्छेद वाचवला, कारण “कोणी” हा प्रश्न तिथे सगळ्यात उघडा दिसतो. ३२ बिटांवर सीडेक्लमध्ये आर्ग्युमेंट कॉलरने स्टॅकवरून काढायची, स्टँडर्डकॉलमध्ये कॉलीने. दोन बाजूंनी वेगळं धरलं तर आर्ग्युमेंट दोनदा निघतात किंवा निघतच नाहीत, आणि दर कॉलला स्टॅक तेवढा सरकतो. व्हेरिएडिक फंक्शनमध्ये हे काम कॉलरकडेच राहतं, कारण किती आर्ग्युमेंट टाकली हे खात्रीने त्यालाच माहीत असतं.

हा वाद कॉम्प्युटरइतकाच जुना आहे. १९४९ मध्ये केंब्रिजला एडसॅक हा कॉम्प्युटर सुरू झाला तेव्हा परतीचा पत्ता ठेवायला ना स्टॅक होता ना वेगळं रजिस्टर. डेव्हिड व्हीलर यांनी काढलेल्या युक्तीत कॉलर स्वतःचीच सूचना अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये (हिशेबाच्या रजिस्टरमध्ये) उचलून उडी मारायचा. तिच्यावरून परतीची उडी बांधून स्वतःच्या शेवटी बसवायचं काम सबरूटीनचं. मेमरीतला प्रोग्रॅमच बदलायचा. पण पहिलं पाऊल कोणाचं आणि दुसरं कोणाचं हे नक्की होतं.

१० मार्च

पूर्ण मसुदा त्या पहिल्या वापरकर्त्याला पाठवला होता. त्यांनी तो आपल्या असेंब्ली फाइलसमोर ठेवून ओळीनओळ ताडला आणि तीन शंका लिहिल्या. दोन टायपिंगच्या चुका. तिसरी खरी: ३२ बाइटचं वेक्टर आर्ग्युमेंट स्टॅकवर गेलं तर १६ ची पट पुरते का? पुरत नाही, लिनक्सच्या करारात तेव्हा कॉलरने ३२ ची पट सांभाळायची. अलाइनमेंटच्या नियमात एक वाक्य वाढवलं.

त्यांनी आपल्या रूटीनमधली ती सूचना बदलली. डीआयएलमध्ये लिहिण्याऐवजी मूव्हझेडएक्स वापरून ईडीआय पूर्ण भरला. आमच्या नव्या कोडमध्ये याची गरज नाही, हे मी कळवलं. त्यांचं उत्तर आलं, “माहीत आहे. पण नियमात हे काम कॉलरचं लिहिलंय, आणि इथे कॉलर मी आहे.”

१२ मार्च

मर्ज करण्याआधी शेवटची पेन्सिल फिरवली. एका नियमापुढे अजून फुली: “लहान परतीची मूल्यं आरएएक्समध्ये दिली जातात.” आर्ग्युमेंटच्या वरच्या बिटांसाठी महिनाभर झगडले आणि परतीच्या मूल्याचे वरचे बिट विसरले. इथे बाजू उलट होतात. देणारा कॉली, घेणारा कॉलर.

टेस्ट उलटी केली. असेंब्लीतला कॉली एएलमध्ये ५ ठेवतो, वरच्या बाइटमध्ये ३, आणि परततो. आमच्या कॉलरने ५ वाचलं. फंक्शन पॉइंटरमधूनही ५.

नियम लिहिला: “आठ किंवा सोळा बिटांचं मूल्य परत करताना कॉलीने आरएएक्सच्या तेवढ्याच खालच्या बिटांची हमी द्यायची. वरच्या बिटांत काय आहे हे कॉलरने गृहीत धरायचं नाही. हवं असल्यास कॉलरने वाढवून घ्यायचं.” शेवटची फुली खोडली, सहकाऱ्याने मंजुरी दिली, संध्याकाळी प्रकरण मर्ज झालं. उद्यापासून आठवं, एक्सेप्शन आणि स्टॅक उलगडणं. त्याच्या पहिल्याच पानावर “फ्रेम साफ केल्या जातात” असं लिहिलंय.